गुरुवार ते मंगळवार

माझी बायको स्तनाच्या कॅन्सरने गेली. हे वाक्य मी आज सरळ लिहू शकतो. ती जिवंत होती तेव्हा तो शब्द आमच्या घरात एकदाही उच्चारला गेला नाही. 'गाठ' म्हणायचं असं ठरलं होतं, आणि सगळ्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं.

ठरवलं ते तिच्या थोरल्या भावाने. तो कल्याणला राहायचा, स्वभावाने चांगला, पण बोलायला लागला की समोरच्याने फक्त ऐकायचं. ऑपरेशनच्या आधी तो आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत येऊन बसला आणि ती आत चहा टाकत असताना मला खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, तिला कळता कामा नये. खचेल ती. अर्धी माणसं नुसत्या नावाने जातात." मी मान डोलावली. माझंही तेच मत होतं. त्या काळात आमच्या ओळखीच्या कुठल्याच घरात रोग्याला सांगत नसत. नातेवाइकांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत, दूधवाल्याला माहीत, आणि ज्याचा आजार त्याला माहीत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिला नेलं तेव्हा दर्शनी फाटकावरची पाटी तिला दिसू नये म्हणून आम्ही रस्त्यांचा हिशेब करून मागच्या गल्लीतल्या फाटकातून तिला आत नेलं. ती एवढंच म्हणाली, "इकडून लांब पडलं ना?"

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चौथीचा वर्ग तिच्याकडे असायचा. पोरांना अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईचा एक स्तन काढून टाकतात, छातीवर वीतभर टाके पडतात, पुढे सहा वेळा इंजेक्शनं घ्यायची म्हणून सांगतात, आणि तरी तिला काहीच कळणार नाही, असं आम्ही धरून चाललो. आज मला याचं आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

मी स्वतः औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. काम सांगायला सोपं आहे. माल तयार झाला की पिंपांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या डब्यात टाकून हलवायच्या, येतील त्या नंबरांच्या पिंपांतून नमुना काढायचा आणि तो तपासायचा. चिठ्ठ्या यासाठी की कुणाच्या मर्जीने पिंप निवडलं जाऊ नये. कामगार वरचं, चांगलं दिसणारं पिंप पुढे करतात, हे मला अनुभवाने माहीत होतं. नवीन कृती करून पाहायची असली तर अर्धा माल जुन्या पद्धतीने, अर्धा नव्या, आणि मग तुलना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही आकडा मनाने लिहिला नव्हता. काट्यावर जे दिसलं तेच लिहिलं. याचा मला अभिमान होता, आणि पुढे जे सांगायचं आहे त्यात हा अभिमान आड येतो, म्हणून आधी सांगितलं.

ऑपरेशननंतरची इंजेक्शनं ठाण्यात घ्यायची सोय होती. तलावाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्या इस्पितळाचे डॉक्टर दर मंगळवारी यायचे. दवाखान्याच्या पाटीवर तो शब्द नव्हता, म्हणून मला ती जागा पसंत पडली. लांब व्हरांडा, त्यात भिंतीला लावलेलं एक लांब बाकडं. त्यावर बायका ओळीने बसायच्या. पहिल्या मंगळवारी नुसती तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, बाहेर बसायला सांगितलं आणि मला थांबवलं. तरुण होत्या, तिशीच्या आसपास. मराठी स्वच्छ.

"आमची एक ट्रायल चालू आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेस तिच्यात बसतात. दोन गट असतात. एका गटाला नेहमीचीच सहा इंजेक्शनं. दुसऱ्याला तीच इंजेक्शनं आणि वर एक नवीन गोळी. कुणाला काय, ते चिठ्ठी टाकून ठरतं. आम्हीही ठरवत नाही."

मी विचारलं, "गोळी चांगली असेल तर सगळ्यांनाच का देत नाही?"

"चांगली आहे का, तेच माहीत नाही. म्हणून तर."

मला हे समजलं. त्या खोलीत येणाऱ्या शंभर नवऱ्यांपैकी बहुधा मलाच ते सगळ्यात लवकर समजलं असेल. माझंच रोजचं काम होतं ते. आणि म्हणूनच मी घाबरलो. चाचणीसाठी काढलेला नमुना आम्ही परत पिंपात ओतत नाही. काम झालं की तो मोरीत जातो.

त्यांनी चार पानांचा फॉर्म पुढे केला. मी खिशातून पेन काढलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "सही तुमची नाही चालणार. त्यांची लागेल. त्यांनी वाचून, समजून करायची. तुम्ही साक्षीदार."

मी पहिली ओळ वाचली. 'मला स्तनाचा कर्करोग झाला असून.' छापील, ठळक, मराठीत.

"बाई, तिला माहीत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ऑपरेशन झालंय त्यांचं."

"गाठ होती म्हणून सांगितलंय."

"मग आता सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. मी रोज सांगते लोकांना. कुणी मरत नाही ऐकून." मग जरा सौम्यपणे म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पहिलं इंजेक्शन आहे. तोपर्यंत कागद आणून द्या. एकदा सुरू झालं की मग ट्रायलमध्ये घेता येत नाही."

फॉर्मची घडी करून मी ऑफिसच्या पिशवीत घातली आणि बाहेर आलो. बाकड्यावर माझी बायको एका कोळिणीशेजारी बसली होती. दिव्याकडच्या खाडीकाठच्या गावातली बाई, पन्नाशीची, नाकात मोठी नथ, आवाज सगळ्या व्हरांड्यात जाईल असा. दोघी कशाला तरी हसत होत्या. मला पाहून माझ्या बायकोचं हसणं थांबलं. तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

त्याच संध्याकाळी मी मेहुण्याला गाठलं. तो भडकलाच. "प्रयोगाचा उंदीर करायचाय का माझ्या बहिणीचा? चिठ्ठ्या टाकतात म्हणे! हळदीकुंकवाची भिशी आहे का ती?" आणि मग, "आणि भाऊजी, फॉर्मवर लिहिलंय ते ती वाचणार. मग काय राहिलं?" त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. खरं सांगायचं तर पहिला मुद्दा मी लोकांना सांगण्यासाठी ठेवला आणि दुसऱ्यासाठी निर्णय घेतला. नमुन्याची भीती खरी होती. पण तिच्यासमोर बसून तो शब्द उच्चारण्याची भीती त्या भीतीपेक्षा मोठी होती.

हे झालं मंगळवारी. गुरुवारी संध्याकाळी मी कारखान्यातून आलो. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार मोडत होती. आमची मुलगी, तेव्हा नववीत होती, शिकवणीला गेली होती. मी पिशवी खुंटीला अडकवली. खुंटी तिच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर.

"अहो," ती गवारीवरची नजर न काढता म्हणाली, "त्या ठाण्याच्या दवाखान्यात कसला फॉर्म भरून घेतात का?"

"कोण म्हणालं?"

"बाकड्यावर एक बाई होती. तिने भरलाय म्हणे."

"तो दुसऱ्या आजाराच्या लोकांचा," मी म्हणालो. "आपला काही संबंध नाही."

"बरं." दोन-तीन शेंगा मोडून झाल्या. "नक्की ना?"

"अगं, नक्की. मी विचारलं डॉक्टरांना."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि उठून पाणी भरायला गेली, कारण नळ यायची वेळ झाली होती.

पुढच्या मंगळवारी मी फॉर्म कोरा परत केला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एक रजिस्टर ओढलं. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांच्या नोंदी त्यात होत्या, आणि नकार असेल तर कारणाचा रकाना होता. "कारण तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या, "मी मनाने काही लिहीत नाही." मी लिहिलं, 'रुग्णाची इच्छा नाही.' माझं अक्षर चांगलं आहे. मी ते सुवाच्य लिहिलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली.

ज्या बायकांनी फॉर्म भरला होता त्यांना बाकड्यावर सगळे 'यादीतल्या' म्हणायचे. त्यांची फाईल हिरवी. बाकीच्यांचे सुटे कागद, सुतळीने बांधलेले. कोळीण यादीतली. तिला गोळी मिळाली नव्हती. चिठ्ठीत तिच्या वाट्याला नेहमीचाच गट आला होता, म्हणजे माझ्या बायकोला जे औषध तेच तिला, तेवढंच, त्याच बाटलीतून. ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "माज्या घोवाचा मटक्याचा आकडा जन्मात लागला नाय, मना वाटला माजा तरी लागल. कसला! गोली गेली त्या भिवंडीवालीला." आणि मग माझ्या बायकोकडे वळून, "मास्तरीनबाय, मना तुझ्या चौथीत बशव गो. तो कागूद वाचायला एक डाक्टरीन न् एक नर्स लागली. वाचताना मी चारदा इचारला, म्हंजे मरनार का? चारदा बोलल्या, माहीत नाय. मंग मी बोलली, हानते आंगठा. खरा बोलनारी मानसा हायेत."

बायका हसायच्या. माझी बायकोही हसायची. मी पेपर वाचत असल्यासारखा बाजूला उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, बिचारी अडाणी, तिला काय कळतंय कशावर अंगठा दिला ते.

फरक हळूहळू दिसायला लागला. हिरव्या फाईलच्या बाईला दर वेळी त्याच डॉक्टरीणबाई तपासायच्या. आमच्याकडे जो मोकळा असेल तो. यादीतल्या बाईचं रक्त आदल्या दिवशी तपासलं नसेल तर इंजेक्शन मिळायचं नाही आणि परत पाठवलं तर पुढची तारीख हातात देऊन. आमचं कुणी विचारायचं, कुणी विसरायचं. मी वजन आणि ताप घरीच रोज लिहीत होतो. तो कागद मी तीनदा डॉक्टरांपुढे धरला. एकदा त्यांनी तो पाहिला.

यादीतली बाई एका मंगळवारी आली नाही तर तिच्या घरी पोस्टकार्ड जायचं. तरीही आली नाही तर दवाखान्याची समाजसेविका जायची. कोळीण एकदा पुतणीच्या लग्नामुळे चुकली. त्याची हकीकत तिने पुढच्या वेळी सांगितली. "हलदीत नाचतंय मी, बेंजो चालूय, आन ती फायलवाली बाय मांडवात हजर! सगल्यांसमोर बोलते, मावशी, इंजेक्शन! माजा दीर बोलला, वयनी, तुजं वॉरंट निंगाला."

आमच्या घरी कार्ड आलं नाही. आमचं चुकलं तेव्हाही नाही.

ते चौथ्या इंजेक्शनच्या वेळी चुकलं. दोन इंजेक्शनांत एकवीस दिवस हवेत, हे मला पाठ होतं. तारीख आली तेव्हा शाळेच्या वार्षिक परीक्षा चालू होत्या. ती म्हणाली, "अहो, पेपर तपासून द्यायचेत. पुढच्या मंगळवारी जाऊ का?" मी म्हणालो, "नको, आजच जाऊ." ती म्हणाली, "एवढं काय अडलंय? साधी गाठ होती, तीही काढली." आणि माझ्याकडे बघत थांबली.

मला काय म्हणता आलं असतं? अडलंय, कारण ती साधी गाठ नाही, एवढंच उत्तर होतं. ते माझ्या तोंडून आलं नाही. मी म्हणालो, "बरं, पुढच्या मंगळवारी." पुढच्या मंगळवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्याला दवाखान्याला सुट्टी होती. एकवीसचे बेचाळीस दिवस झाले. दवाखान्यात त्या दिवशी नवाच डॉक्टर होता. त्याने सुतळी सोडली, कागद उलटले, "ठीक आहे, चालू ठेवू" म्हणाला आणि सुतळी परत बांधली. एकवीस आणि बेचाळीस यांतला फरक त्याने पाहिलाच नाही. आमच्या कारखान्यात एवढी चूक झाली असती तर मी पाळीच्या माणसाला उभा सोलला असता. इथे मी 'थँक यू' म्हणालो.

सहा इंजेक्शनं संपली. यादीतल्या बायकांना दर महिन्याला बोलावणं होतं. आम्हाला सांगितलं, काही त्रास झाला तर या. पुढच्या थंडीत तिची पाठ दुखायला लागली. डोंबिवलीतले आमचे डॉक्टर म्हणाले, दिवसभर वर्गात उभं राहून होतं. मलम दिलं, गोळ्या दिल्या, शाळेत खुर्ची मागून घ्या म्हणाले. तिने खुर्ची मागून घेतली. दहा आठवडे आम्ही मलम लावत होतो. मीच लावायचो. ठाण्याला नेलं तेव्हा एक्स-रेच्या फोटोत मणक्यांत पांढरं-काळं काय काय दिसलं, आणि डॉक्टरीणबाई, ज्यांनी पहिल्या दिवसानंतर तिला तपासलंच नव्हतं, म्हणाल्या, "आधी यायला हवं होतं." गणपतीच्या आधी ती गेली.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर मेहुणा माझ्याशेजारी येऊन बसला. पान लावत म्हणाला, "भाऊजी, आता बोलून उपयोग नाही. पण त्या यादीत घातलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं. लोक म्हणतात, तिथे फार बघतात."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, लबाडीही नव्हती. उंदराचं वाक्य तो खरोखरच विसरला होता. मी उठून पंगतीतल्या पत्रावळी गोळा करायला लागलो.

यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. ती म्हणजे आकडा. यादीत असती तर वाचली असती का? हो किंवा नाही. मी एक वही केली. बाकड्यावरच्या ज्या बायकांची मला ओळख होती, पत्ता माहीत होता, त्यांची. नावं लिहिली नाहीत, गाव लिहिलं. विठ्ठलवाडी, आंबिवली, कळवा, भिवंडी, दिवा. माझ्या बायकोसकट अकरा. त्यांतल्या पाच यादीतल्या, सहा बाहेरच्या. पुढची काही वर्षं मी रविवारी वेळ काढून एकेकीच्या घरी जाऊन यायचो. लोकांना वाटायचं, दुःखी माणूस आहे, भेटायला येतो. चहा द्यायचे. मी दारातच ओळखायचो. भिंतीवर हार घातलेला फोटो असला की वहीत फुली.

शेवटी यादीतल्या पाचांपैकी चार जिवंत होत्या, बाहेरच्या सहांपैकी दोन. एका मंगळवारी मी वही घेऊन ठाण्याला गेलो. मधे पाच वर्षं गेली होती. डॉक्टरीणबाईंचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितल्यावर आठवल्यासारखं केलं. वही पुढे ठेवली तेव्हा मात्र त्यांनी चष्मा लावून नीट वाचली.

"हे तुम्ही एकट्याने केलं?"

"हो."

"गोळीचं म्हणाल तर आमचा अहवाल झालाय. गोळीवाल्या आणि बिनगोळीवाल्या, काही फरक निघाला नाही."

"मला गोळीचं नकोच आहे," मी म्हणालो. "दिव्याच्या बाईला गोळी नव्हती. माझ्या बायकोला जे दिलं तेच तिला दिलं. ती आहे. मग फरक यादीचाच ना?"

त्यांनी पेन्सिल घेतली. "ही कळव्याची. तुमच्या बाहेरच्या गटातली. हिला आम्ही का घेतलं नव्हतं, माहिती आहे? हृदय कमजोर होतं. ही आंबिवलीची, हिचा आजार आधीच पसरला होता. यादीत आम्ही घेतो त्या मुळातच जरा बऱ्या असलेल्या बायका. शिवाय ज्या हो म्हणतात त्या बहुतेक नेमाने येणाऱ्या, घरचे आणणारे असतात. त्या यादीशिवायही कदाचित जास्त जगल्या असत्या. आणि ज्या गावाला परत गेल्या, ज्यांचा पत्ताच तुमच्याकडे नव्हता, त्या या वहीत नाहीतच. तुमची बेरीज बरोबर आहे. तिच्यावरून काढलेलं उत्तर टिकत नाही."

मी वहीतल्या त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. वरचं, चांगलं दिसणारं पिंप पुढे केलेलं होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं. एखाद्या शिकाऊ पोराने असे अकरा नमुने माझ्यापुढे आणले असते तर मी कागद फाडला असता.

"पण माझ्या बायकोचं हृदय चांगलं होतं," मी म्हणालो. "पसरलेलं नव्हतं. ती तुमच्या नियमात बसत होती. तुम्हीच म्हणालात."

"हो, बसत होत्या."

"वेळेवर तपासणी झाली असती. बेचाळीस दिवस गेले नसते. पाठीचा फोटो आधी निघाला असता."

"निघाला असता," त्या म्हणाल्या. "त्याने आयुष्य वाढलं असतं का, मला सांगता येत नाही. काही डॉक्टर म्हणतात, ट्रायलमधले जास्त जगतात. काही म्हणतात, ते मुळात तसेच असतात. मलाही वाटतं की नेमाने पाहिल्याचा फायदा होतो. वाटतं. एका माणसाचं उत्तर हवं असेल तर तुमच्या मिसेसना दोनदा जगायला लागलं असतं. एकदा यादीत, एकदा बाहेर."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. खरं बोलणारी माणसं आहेत, असं कोळीण म्हणाली होती.

बाहेर बाकड्यावर ती बसलेली होती. वर्षातून एकदा तपासणीला यायची. थोडी वाळली होती, नथ तीच. मला पाहिल्यावर तिने सरकून जागा केली. "ये दादा, बस. मास्तरीनबायचा मानूस ना तू?"

मी बसलो. म्हणालो, "तुम्ही बऱ्या आहात, बरं वाटलं."

"बरी हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला तुमी सही कनाला नाय करू दिली?"

"तिला आजाराचं माहीत नव्हतं."

कोळीण हसली नाही. "दादा, पयल्याच दिवशी मी तिला इचारला. तू आत होतास. मी बोलली, बाय, तुला पन कॅन्सर ना गो? ती बोलली, हो, मला पण. तिला आधीपासना माहीत होता. ऑपरेशनच्या कागदावर वाचला होता तिनी. मी यादीचा सांगितला तवा बोलली, मला विचारलं तर मी हो म्हणेन. पण ह्यांनी विचारायला हवं."

मी म्हणालो, "मग तिने मला सांगितलं का नाही?"

"मी पन तेच बोलली तिला. तर बोलली, त्यांनी इतकं जपून लपवलंय, मी सांगितलं तर त्यांना तोंड कुठे लपवायचं कळणार नाही."

"आणि ते इंजेक्शन चुकवलं? परीक्षेसाठी? माहीत असून?"

"त्या वक्ताला मी शिव्या घातल्या तिला," कोळीण म्हणाली. "बोलली, साधी गाठ असलेली बाई परीक्षा सोडून कशाला जाईल? तसंच वागायला लागतं मला. वाटलेलं, आता तरी हे बोलतील." मग कोळिणीला आत बोलावलं. हिरवी फाईल काखेत मारून ती उठली.

मी तिथेच बसून राहिलो आणि दिवस मोजले. गुरुवारी तिने मला विचारलं होतं. मंगळवारपर्यंत मुदत होती. मधे पाच दिवस. शुक्रवारी मी पहिल्या पाळीला होतो, दुपारी घरी आलो होतो. शनिवारी आम्ही दोघं फडके रोडला मुलीसाठी चपला आणायला गेलो होतो. रविवारी दुपारी ती पलंगावर बसून वह्या तपासत होती आणि मी समोर खुर्चीत होतो. जेवणापासून चहापर्यंत, तीन तास. पिशवी खुंटीला होती. मधे एकदा तिने वर पाहिलं. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही." आणि लाल पेन झटकून पुन्हा तपासायला लागली.

यादीने ती वाचली असती का, हे डॉक्टरांना सांगता येत नाही, मलाही नाही. पण एक आकडा दुरुस्त करता येण्यासारखा होता. मी उठून पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या दाराशी गेलो. कोळीण आत तपासणीच्या टेबलावर होती, म्हणून दारातूनच म्हणालो, "बाई, तुमच्या त्या रजिस्टरमध्ये नकाराचं कारण मी खोटं लिहिलंय. रुग्णाची इच्छा नाही, असं. तिला विचारलंच नव्हतं. तिची इच्छा होती."

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. "अहो, तो अहवाल छापून गेला," त्या म्हणाल्या. "नकार देणाऱ्यांची संख्या त्यात आहे. आता एकाने काय फरक पडतो?"

"एकाचा पडतो," मी म्हणालो.

पडद्यामागून कोळिणीचा आवाज आला, "डाक्टरीनबाय, लिवून घे ना गो, तो मानूस सांगतोय तर." पण रजिस्टर मुंबईच्या इस्पितळात जमा झालं होतं आणि लिहायला तिथे काहीच नव्हतं. ते रजिस्टर अजून कुठे असेल तर त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात तेच आहे, आणि छापलेल्या आकड्यात माझी बायको नाही म्हणणाऱ्यांमध्ये मोजलेली आहे.